आमसुलीला एक गाठ, कलिंगडीला दोन

लग्न होऊन सगुणा घरात आली, तेव्हाची गोष्ट. तिने नवऱ्याला परसातल्या चार हिरव्या मिरच्या खुडून आणायला सांगितल्या. दगडूने लाल-हिरव्या मिळून मूठभर आणल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिला वाटलं, गंमत करतोय. नव्या नवऱ्याने गंमत केली तर हसायचं असतं, म्हणून ती हसली. तो हसला नाही. आतून सासू म्हणाली, "गो, तेका रंग लागत नाय. हाताक मिळात ती मिरची घेवन येतलो." आणि विषय तिथंच संपला.

देवगडच्या पलीकडे त्यांची मासेमारी करणाऱ्या गाबितांची वाडी. तिथं कुणाला ऐकू कमी येई, कुणाचं बोट वाकडं असे, तसे दगडूला रंग लागत नसत. म्हणजे निळं दिसे, पिवळं दिसे, उजळ-काळपट तर चांगलंच कळे. लाल आणि हिरवं मात्र त्याच्या लेखी एकच होतं, सुक्या गवतासारखं काहीतरी. त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. अडलं ते पुढे, यांत्रिक बोट आली तेव्हा. एका बाजूला लाल दिवा, दुसऱ्या बाजूला हिरवा. समोरून येणाऱ्या बोटीचा कुठला दिवा दिसतो त्यावरून आपण कुठं वळायचं ते ठरतं. एका तिन्हीसांजेला सुकाणू दगडूकडे होतं. समोरचा दिवा कुठला ते त्याला कळेना. बाप मागच्या बाजूला जाळं आवरत होता, त्याला हाक मारून विचारायचं, तर लाज वाटली. त्याने मनानेच सुकाणू फिरवलं आणि दोन बोटी एकमेकींना खरवडत गेल्या. माणूस कुणी गेलं नाही, पण समोरच्या बोटीची फळी फुटली. बापाने भांडण मिटवलं, घरी येऊन जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "तू जमिनीवरच बरो." त्यानंतर दगडू बोटीत चढला नाही. कुणी चढवलंही नाही.

म्हणून तो आखातात आला. तिथलं युद्ध संपून बांधकामं पुन्हा सुरू झाली होती, माणसं हवी होती. आधी एका साइटवर लोखंड उचललं, मग उम्म अल कुवैनला भानुदासशेठच्या दुकानात लागला. शेठ मूळचे पुण्याकडचे, मासेमारीच्या सामानाचा धंदा करणारे आणि मासा न खाणारे. त्यांना गळ, दोरी, शिसं यातलं कळणारा माणूस पाहिजे होता, तो मिळाला. दोन-तीन वर्षांत दगडूचं बस्तान बसलं, दुकानामागच्या दोन खोल्या राहायला मिळाल्या, आणि सगुणा लेकीला, विनिताला, घेऊन आली. रंगांचं शेठना सांगायचं कारणच पडलं नव्हतं. गळाला कुठला आलाय रंग? गाडी चालवायला मात्र दगडू शिकला नाही. लायसनला डोळे तपासतात. कुणी विचारलं तर म्हणे, आपली बस बरी.

सगळं सुरळीत चाललेलं असताना शेठना कुणीतरी अमेरिकेतल्या रबरी अळ्यांचा नाद लावला.

तिकडे बास नावाचा मासा असतो. तळ्यातला, रुंद तोंडाचा, हावरट. खोक्यावर त्याचं चित्र होतं. सगुणाने ते बघितलं आणि म्हणाली, "हो तर चोणकाचो चुलतभाव." त्या माशासाठी तिकडचे लोक गळाला लावायला मऊ रबराच्या अळ्या करतात, आणि त्यांचे रंग इतके, की शालूच्या दुकानातही एवढे निघायचे नाहीत. हा बास आखातात औषधालाही नाही. पण तेल कंपन्यांतले जे साहेब शुक्रवारी गळाने मासे गरवायला जात, त्यांना त्यांच्या गावाकडची सवय. बास नाही तर नाही, हमूर येतो, शेरी येते. अळी मात्र आपली तीच पाहिजे. हमूरही बिचारा खात होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की ही दुसऱ्याच्या पानातली आहे.

शेठ हुशार. तयार पाकिटं महाग पडतात म्हणून त्यांनी मोठाल्या पिशव्यांतून सुटा माल मागवला, वर नाव नाही, काही नाही. तो घरी बसून छोट्या पिशव्यांत भरायचा, तोंड दोऱ्याने बांधायचं आणि पिशव्या भिंतीवरच्या आकड्यांना लावायच्या. भरायचं काम सगुणाकडे आलं, भिंत दगडूकडे आली.

पहिल्या दिवशी तो सगळ्या रंगांची एकेक अळी खिशातून घेऊन घरी आला आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडून बसला.

"सगळ्यो सारख्योच दिसतत गो," तो म्हणाला. "ही वायच उजळ, ही वायच काळी. साहेब इलो नि रंग मागल्यान तर मी काय देवचा?"

"शेठाक सांगा."

"सांगलंय तर भिंतीर दुसरो माणूस येतलो. मग माझो काय उपयोग? आणि दुकान नाय तर व्हिसा नाय. गावाक जावन काय करूचा, बोटीत घेतत कोण माका?"

 सगुणाने अळ्या एकेक करून उजेडात धरल्या. साहेबांची नावं तिला नकोच होती, तिने आपली ठेवली. काळपट तांबडी ती आमसुली. गडद हिरवी, आत काळे ठिपके असलेली ती कलिंगडी. शेवाळी-तपकिरी ती भोपळी. काळी-जांभळी ती वांगी. डोळे दिपवणारी पिवळी-पोपटी ती लिंबू. आणि आरपार दिसणारी, पांढुरकी, ती दुधी. विनिता शाळेचा अभ्यास सोडून बघत होती. ती म्हणाली, "आई, जस्ट पुट नंबर्स ना. सिंपल."

"नंबर घातलंय तर शेठ विचारतले, नंबर कित्याक," दगडू म्हणाला. तेही खरंच होतं.

तेव्हा सगुणाला आठवण झाली ती गावच्या जाळ्यांची. समुद्रात सगळ्यांचीच जाळी पडलेली असतात, सगळ्यांचे बोये, पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, सारखे. मग ज्याने त्याने आपल्या दोरीला आपली गाठ मारायची. कुणाची दुहेरी, कुणाची फासाची, कुणाच्या गाठीत चिंधी. अंधार असो, धुकं असो, बोटाला लागलं की कळतं, हे आपलं. तिने पिशवीचं तोंड बांधायचा दोरा थोडा लांब ठेवला आणि त्याला गाठी मारल्या. आमसुलीला एक, कलिंगडीला दोन, भोपळीला तीन. वांगीला फास, लिंबूला एक बारका मणी. दुधीला काही नाही, ती त्याला दिसे. दगडूने डोळे मिटून दोरे चाचपले आणि सगळी नावं बरोबर सांगितली. मग म्हणाला, "कोणाक सांगू नको हां." ती कुणाला सांगणार होती? तिथं होतंच कोण.

तर असं ते सुरू झालं. गिऱ्हाईक आलं की दगडू आधी पाण्याचं विचारी. खाडीत पाणी नितळ आहे का शमाल वाऱ्याने ढवळलंय? नितळ असेल तर शेवाळाच्या रंगाची किंवा आरपार दिसणारी घ्यावी, मासा निवांत बघून खातो. ढवळलेलं असेल तर काळी घ्यावी म्हणजे सावली तरी दिसते, नाहीतर एकदम भडक. कांदळवनाच्या मुळाशी कोळंबीच्या आकाराची, उघड्या पाण्यात शेपटी हलणारा मासा. यातलं थोडं त्याने बापाकडून उचललं होतं, बाकीचं साहेबांचं ऐकून ऐकून. हे बोलत असताना त्याचा हात भिंतीवरच्या दोऱ्यांवरून सहज फिरे आणि पाहिजे ती पिशवी काढी. कधी मासे मिळत, कधी मिळत नसत. मिळाले तर साहेबांचं कसब आणि नाही मिळाले तर दगडूचा रंग, असा एकूण हिशोब होता. सगळीकडे असतो तसाच.

सगुणाही घरात शिकत गेली. आमसुली आणि दुधी एका डब्यात ठेवल्या तर दुधी गुलाबी होऊन बसते, नव्या लुगड्याचा रंग लागावा तशी. प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा बाहेर उन्हात विसरलं, तर अळी आणि डबा दोघांचा मिळून एक लगदा होतो. एकदा जागा नव्हती म्हणून तिने एक पिशवी सुकटीच्या डब्यात ठेवली. ती ज्या साहेबाला गेली तो पुढच्या आठवड्यात येऊन तसलीच वासाची आणखी मागू लागला. तिला आश्चर्य वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. "आठ अळ्यांक धा दिरहम," ती विनिताला म्हणे, "म्हणजे शंभरावर रुपये. तेवढ्यात खरी सुंगटा येतली नि आपण खावया, मासो कित्याक?" विनिता म्हणे, "आई, इट्स अ हॉबी." सगुणाला हॉबी म्हणजे काय ते कळलं, पण पटलं नाही.

दोऱ्यांबद्दल शेठनी एकदाच विचारलं होतं. "दगडू, हे दोऱ्याला गाठी कसल्या रे?" दगडू गडबडला आणि म्हणाला, "आमची गावची रीत आसा, शेठ." खोटं नव्हतं ते. पण शेठनी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. कोकणातलं माणूस, दोरा, गाठ. म्हणजे देवस्कीचं काहीतरी, नजर लागू नये म्हणून, माल खपावा म्हणून. शेठ स्वतः असलं मानत नसत. तरी त्या वर्षी विक्री बरी झाली आणि ते गप्प बसले. घरी जाऊन त्यांनी बायकोला, कमलिनीवहिनींना, सांगितलं. वहिनी मानत.

वहिनी स्वभावाने गोड बाई. पुढे त्यांनी दुबईच्या करामामधलं बिऱ्हाड हलवून शारजाला अल नहदामध्ये मोठा फ्लॅट घेतला, तिथून त्या गुरुवारी शेठबरोबर दुकानात येत. सगुणाकडे चहा घेत, तिच्या हातची घावनं खात आणि म्हणत, "सगुणा, तुझ्या हाताला यश आहे गं." सगुणाला वाटे, घावनांना म्हणतायत. त्या म्हणत होत्या दोऱ्यांना.

नव्या शतकात, म्हणजे दोन हजार सालाच्या जरा पुढे, दुबईत मोठाली दुकानं निघाली आणि इथली विक्री मंदावली. आमसुली तर कुणी घेईचना. एका गुरुवारी दगडू कस्टममधून माल सोडवायला गेला होता, सगुणाच्या घरात पाहुणी होती, आणि वहिनी दुकानात एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी न खपणाऱ्या पिशव्या मागून काढून पुढच्या रांगेत लावल्या. हे कुणीही दुकानदार करतो. मग पर्समधून दोरा काढला, गणपतीचं नाव घेतलं, आणि त्या प्रत्येक पिशवीच्या शेपटाला आपल्याकडून एकेक गाठ मारली. दोरा पुरेना तिथं नवा जोडला. सगुणाच्या गाठीशेजारी आपली गाठ, तिच्याइतकीच घट्ट. कामाला बाई वाकबगार.

आता एकात एक मिळवले की दोन होतात, हे त्यांनाही माहीत होतं. पण ती मोजायची गोष्ट आहे, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

त्याच संध्याकाळी मोहिद्दीन आला. हा हैदराबादचा, खाडीत त्याची स्वतःची बोट होती आणि साहेब लोकांना शुक्रवारी तो समुद्रावर नेई. दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच. म्हणाला, "दगडूभाई, पानी एकदम साफ है, काच जैसा. साहब ने बोला हरा लाना, तरबूजवाला. जितना है सब दे दो." दगडूने हात फिरवला. दोन गाठी, दोन गाठी, दोन गाठी. एवढी कलिंगडी भिंतीवर होती का, असं त्याला क्षणभर वाटलं, पण बोटांवर त्याचा विश्वास होता. त्याने सगळ्या काढून दिल्या. मोहिद्दीनने कागदात गुंडाळलेलं पुडकं तसंच उचललं आणि गेला.

शनिवारी सकाळी सगुणा भरलेल्या पिशव्या घेऊन दुकानात शिरली, तेव्हा आत चौघं जण होते. शेठ गल्ल्यामागे, वहिनी बाजूच्या खुर्चीत, मोहिद्दीन मध्ये, आणि दगडू भिंतीला पाठ लावून. काउंटरवर आमसुली अळ्यांचा ढीग पडला होता.

"साहब ने पूरी बोट को बुला के दिखाया," मोहिद्दीन सांगत होता. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होतं. "बोले, मोहिद्दीन, ये तुम्हारा हरा है? सब हँसे. मैं भी हँसा. क्या करता? भानुदास सेठ, इतने साल में कभी देख के नहीं लिया मैंने. दगडूभाई ने दिया, बस, खलास."

"मासे मिळाले की नाही पण?" वहिनींनी विचारलं.

"भाभी, मछली की बात ही नहीं हो रही है."

शेठ दगडूकडे वळले. "दगडू, मला फक्त एवढं सांग. हा डेड स्टॉक होता. आमसुली रंग कुणी घेत नव्हतं. तू तो कागदात गुंडाळून हिरवा म्हणून दिलास. मी तुला असं खपवायला सांगितलं होतं?"

"नाय, शेठ."

"मग चुकून झालं? एक पिशवी चुकते. दोन-चार हिरव्या सोडून बाकी सगळ्या?"

दगडूची बोटं पाठीमागच्या भिंतीवरचे दोरे चाचपत होती.

"अरे, काहीतरी बोल. नाहीतर मी काय समजू? असला माणूस मी काउंटरला ठेवू कसा?"

दगडू खाली बघत राहिला. सगुणाला त्याचं गप्प राहणं ओळखीचं होतं. लबाड म्हटलेलं त्याला चाललं असतं. लबाड माणसाला दुसरं काम मिळतं. ती आमसुलीच्या ढिगापाशी गेली. एका पिशवीचा दोरा अजून शाबूत होता. तिने तो बोटांत धरला. पहिली गाठ तिची होती. दुसरी तिची नव्हती, उलट्या हाताने मारलेली होती.

"ही गाठ कोणी मारली?" तिने विचारलं.

"मी," वहिनी लगेच म्हणाल्या. "गुरुवारी. खपत नव्हत्या ना, म्हणून म्हटलं आपलंही थोडं पुण्य असावं. का गं? चुकीच्या वारी मारली का?"

सगुणाने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, नको म्हणून. ती समजली, आणि तरी बोलली. शेठशी ती जरा शहरी बोलायची, आज तेवढं भान राहिलं नाही.

"शेठ, ह्येंका रंग लागत नाय. लाल नि हिरवो एकच दिसता, जन्मापासून. ती गाठ देवाची नाय. ती मी मारतंय, ह्येंका हातान कळाचा म्हणून. आमसुलीक एक, कलिंगडीक दोन. वैनींनी आणि एक मारली, ती कलिंगडी झाली. ह्येंनी कोणाक फसवूक नाय."

शेठनी ढिगातली एक पिशवी उचलली आणि तिचा दोरा चाचपून बघितला.

"म्हणजे," शेठ हळूहळू म्हणाले, "एवढी वर्षं माझ्या कलरच्या भिंतीवर मी कलर ब्लाइंड माणूस उभा केला होता?"

"होय, शेठ," दगडू म्हणाला. त्या सकाळी तो आपणहून बोलला असं हे पहिलंच.

शेठनी आपल्या शर्टाची बाही पुढे केली. "हा कुठला?"

"निळो."

"आणि हा कॅलेंडरवरचा?"

"तो माका म्हायत नाय. लाल नायतर हिरवो."

"हा पेन?"

"शेठ, किती विचारशात?"

शेठनी पेन खाली ठेवला. पुढे ज्या ज्या माणसाला हे कळलं त्या प्रत्येकाने दगडूला आपला शर्ट दाखवून रंग विचारला. माणसाला राहवत नाही. तो प्रत्येकाला उत्तर देई.

वहिनींचं लक्ष दुसरीकडेच होतं. "अगं, पण मी तर त्यातला एक दोरा नेऊन सत्यजितच्या दप्तराला बांधलाय. परीक्षेच्या आधी." सत्यजित त्यांचा मुलगा. "एका गाठीचा."

"आमसुली," सगुणा म्हणाली.

"पण तो पास झाला."

"झालो असात, वैनी."

पहिला हसला तो मोहिद्दीन. मग काउंटरला टेकून म्हणाला, "मेरे मामू ऐसे ही थे. लाल मिर्च को हरी समझ के पूरी चबा जाते थे, और ऊपर से मेरी मामी को डाँटते थे." मग तो दगडूकडे वळला आणि त्याचं हसू गेलं. "लेकिन बता देते ना, भाई. मैं देख के ले लेता. उसमें क्या था?"

 त्यात काय होतं, ते त्याला आणि सगुणाला माहीत होतं, पण ते मोहिद्दीनला कसं सांगणार? इतक्या वर्षांनी सांगायला गेलं, तर ते त्यांनाच लहान वाटायला लागलं होतं.

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, चहा मागवला. हा गेला तर दुसरा आणावा लागणार, त्याला रंग दिसतील पण पाणी कळणार नाही, आणि व्हिसाची भानगड वेगळी. एवढं सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चहा अर्धा होईपर्यंत त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "उद्या मी स्टिकर आणतो. सगुणा, भरतानाच पिशवीवर नंबर लाव. एक, दोन, तीन. नंबर तर दिसतो ना रे तुला?"

"दिसता, शेठ."

"मग झालं. यल्ला, काम करा." दोन घोट थांबून ते म्हणाले, "पण मोहिद्दीनचं नुकसान मी कसं भरू? अळ्या बदलून देईन, पण साहेब हसले त्याचं काय?"

"उसका हल मेरे पास है," मोहिद्दीन म्हणाला. "जुम्मे को दगडूभाई को मेरी बोट पे भेजो. साहब के सामने खुद डिब्बा खोले. कौन सा लगाना है, वहीं बता दे. साहब का गुस्सा भी उतर जाएगा."

"मी बोटीर चढत नाय," दगडू म्हणाला.

"क्यों? पानी से डरते हो?"

 सगुणा हातातल्या पिशव्या काउंटरवर ठेवत म्हणाली, "जातले. मी सांगतंय, जातले." आणि त्याने तिच्याकडे बघायच्या आत ती घरी गेली, दूध गॅसवर ठेवून आली होती.

घरी तिने विनिताला सगळं सांगितलं, स्टिकरसकट. विनिता वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आय टोल्ड यू. यिअर्स अगो."  खरं बोलणाऱ्या पोरीला काय म्हणायचं, सगुणाने जेवायला वाढलं.

तो आठवडा दगडू बायकोशी कामापुरतंच बोलला. शुक्रवारी मात्र पहाटे उठला, अंघोळ केली, आणि सगुणाने बांधलेला डबा उचलून खाडीकडे गेला. जाताना एवढंच म्हणाला, "माझा सगळा तू सांगलंस."

"सांगलंय," ती म्हणाली. "आता परत सांगूचा ऱ्हवला नाय."

दिवसभर ती घरात होती. माशाचं कालवण केलं नाही, उगीच. कुणी मासे घेऊन येईल अशी वाट बघत कालवण थांबवलं असं नको व्हायला, म्हणून तिने डाळच लावली. ऊन कलल्यावर विनिताला घेऊन ती खाडीवर गेली. कठड्यावर एक-दोन बंगाली माणसं गरवत बसली होती, पलीकडे कांदळवनाची हिरवी रेघ. पाणी अजून नितळ होतं. तळाची वाळू दिसत होती, आणि त्यावर बोय माशांची पिल्लं एकदम वळत होती.

बोटी परत यायला लागल्या तेव्हा दिवस मावळत होता आणि दिवे लागले होते. सगुणाला मोहिद्दीनची बोट लांबून ओळखता आली नाही, तिला ती आवाजावरून कळली. पुढच्या टोकाला एक माणूस उकिडवा बसला होता, एक हात फळीवर. गावी दगडूचा बाप असाच बसायचा. खाडीच्या तोंडातून त्याच वेळी दुसरी बोट बाहेर पडत होती, दिवा लावून.

मग पाण्यावरून दगडूचा आवाज आला. मोठा, ठणठणीत. त्या तिन्हीसांजेला त्याने बापाला जी हाक मारली नव्हती, तीच जणू आता मारली.

"मोहिद्दीनभाई, सामनेवाली की बत्ती लाल है क्या हरी?"

"हरी," मागून मोहिद्दीनचा आवाज आला. "क्यों?"

"कुछ नहीं. मेरे को दिखती नहीं, इसलिए पूछा."

"अच्छा. बैठे रहो, मैं देख रहा हूँ."

बोट सावकाश वळली आणि दोन्ही बोटी मोकळ्या अंतराने एकमेकींच्या बाजूने गेल्या. विनिताने विचारलं, "आई, बाबा का ओरडतायत?" घाबरली की ती मराठी बोलायची.

"ओरडत नाय. इचारतत," सगुणा म्हणाली.

बोट धक्क्याला लागली. साहेब उतरले, त्यातला टोपीवाला दगडूच्या पाठीवर हात मारून "डग, डग" असं काहीतरी म्हणाला आणि गेला. दगडू सगळ्यात शेवटी उतरला. मीठ बसून त्याचे केस ताठ झाले होते. हातातल्या पिशवीत एक मध्यम हमूर होता, फार मोठा नाही.

"खयच्या रंगाक लागलो?" सगुणाने विचारलं.

"आता ता माका काय म्हायत," तो म्हणाला. "पाणी नितळ होता, म्हणून शेवाळासारखी वायच काळपट बघून लायलंय. नंबर बघूक नाय."

तिने पिशवी घेतली, माशाचा गलफडा उचलून बघितला, ताजा होता. मग त्याच्या तोंडाच्या कडेला अडकून राहिलेला रबराचा एक तुकडा तिने नखाने काढला आणि मावळत्या उजेडात धरला.

"कसलो आसा?" त्याने विचारलं.

"आमसुली," ती म्हणाली, आणि तो तुकडा कठड्यावर पुसून टाकला. "चला. घरी नुसती डाळ आसा, हो मासो साफ करूक व्हयो."